ऑपरेशन यशस्वी झालं म्हणतात, मग मला मांडी घालून बसता का येत नाही?

पत्र:

सिस्टर, नमस्कार. मी ५३ वर्षांची, कासारवडवलीला राहते, नौपाड्यात आमचं छोटं पोळी-भाजी केंद्र आहे. दोन बाळंतपणं, दुसरं चिमटा लावून झालं. सात-आठ वर्षं शिंकलं, खोकलं, पिठाचा डबा उचलला की लघवी निसटायची, मग अंगही खाली यायला लागलं. नऊ महिन्यांपूर्वी ऑपरेशन केलं. गर्भाची पिशवी काढली, पुढची दुरुस्ती केली आणि लघवीच्या जागी पट्टी टाकली असं सांगितलं. शिंकेवरचं निसटणं थांबलं पण आता नवीनच सुरू झालंय. लघवी धड होत नाही, पुढे वाकून पोट दाबून करावी लागते आणि पंधरा मिनिटांत परत जावंसं वाटतं. घाई लागली की थांबता येत नाही, माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये बसमध्ये दोनदा साडी भिजली. तीनदा उन्हाळी लागून गोळ्यांचे कोर्स झाले. डाव्या जांघेत आतून कळ येते, मांडी घालून पोळ्या लाटता येत नाहीत. लिहायला लाज वाटते, पण मिस्टर म्हणाले आत काहीतरी टोचतं, तेव्हापासून आम्ही लांबच आहोत. डॉक्टरांकडे दोनदा गेले, म्हणाले ऑपरेशन उत्तम झालंय, टाके छान भरलेत, मनात आणू नका, व्यायाम करा. मोबाइलवर बघून दिवसाला दोनशे वेळा आवळायचा व्यायाम करते, त्याने दुखणं वाढलंच. सून म्हणते या वयात थोडंफार असायचंच. ऑपरेशन यशस्वी झालंय तर मी तक्रार कोणत्या तोंडाने करू?
– घोडबंदर रोडची एक ताई

उत्तर:

ताई, पहिलं हे सांगते की तो दोनशे वेळाचा व्यायाम आज बंद करा. उद्यापासून नाही, आजच. का ते पुढे सांगते, पण तेवढं आधी करा, कारण पत्र येऊन मला मिळेपर्यंत आणि माझं उत्तर तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत तुम्ही अजून किती हजार वेळा आवळून बसला असाल याचा विचार करून मलाच कसंतरी झालं.

आणि दुसरं, हे मनाचं नाही. मी एकतीस वर्षं बायकांच्या वॉर्डात काढली, त्यातली निम्मी गायनॅक ऑपरेशनच्या पेशंट सांभाळण्यात. तुमच्या पत्रात एक-दोन नाही, पाच वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यातली प्रत्येक या ऑपरेशननंतर होऊ शकते हे वैद्यकशास्त्राला चांगलं माहीत आहे, प्रत्येकीची वेगळी तपासणी आहे, वेगळा उपाय आहे. पुढे वाकून लघवी करावी लागणं ही तर अशी खूण आहे की ती ऐकल्यावर तपासणाऱ्याने लगेच कान टवकारायला हवेत. कोणी मनाचं म्हणालं असेल तर त्यांनी पूर्ण ऐकलं नाही एवढाच त्याचा अर्थ.

तुमच्या डॉक्टरांना मी वाईट म्हणत नाही. टाके छान भरलेत हे खरंच असेल. सर्जन काय बघतो, तर अंग वर गेलं का, शिंकल्यावर गळतंय का. ती दोन्ही कामं झाली म्हणून त्यांच्या हिशेबात ऑपरेशन यशस्वी. तुमचा हिशेब वेगळा आहे, तुम्हाला बसायचंय, पोळ्या लाटायच्यात, बसने स्टेशनपर्यंत जायचंय, रात्री झोपायचंय. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, ऑपरेशन जमलं आणि त्रास झाला. म्हणून कोणत्या तोंडाने तक्रार करू हा प्रश्न मनातून काढून टाका.

आता कळीचा मुद्दा. पट्टी टाकली म्हणजे नक्की काय टाकलं हे तुम्हाला माहीत आहे का? पत्रावरून तरी नाही वाटत, आणि यात तुमची चूक काहीच नाही, मी अशा शेकडो बायका बघितल्यात ज्यांना आपल्या अंगात काय घातलंय हे माहीत नव्हतं, डिस्चार्ज कार्डावर इंग्रजी अक्षरं असतात आणि घरी आल्यावर ते कार्ड कपाटात साडीखाली जातं. पण तुमच्या बाबतीत पुढचं सगळं यावर अवलंबून आहे म्हणून नीट समजून घ्या.

शिंकेवर निसटणाऱ्या लघवीसाठी जी पट्टी टाकतात ती साधारण एक सेंटिमीटर रुंदीची, पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकच्या जाळीची असते. लघवीच्या नळीच्या मधोमध खालून झोळीसारखी जाते, म्हणून तिला स्लिंग म्हणतात. ती ताणून बांधायची नसते, सैल ठेवायची असते, खोकल्यावर नळी त्या झोळीवर टेकते आणि लघवी थांबते. स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी १९९६ साली ही पद्धत मांडली, ती पट्टी हाडाच्या मागून वर ओटीपोटाकडे जाते, कार्डावर टीव्हीटी लिहिलेलं असतं. पुढे २००१ मध्ये फ्रान्सच्या डेलॉर्म यांनी पट्टी दोन्ही बाजूंना जांघेतून काढायची पद्धत आणली, तिला टीओटी म्हणतात. ही दोन नावं लक्षात ठेवा. पहिल्या पद्धतीत ऑपरेशनच्या वेळी लघवीच्या पिशवीला सुई लागण्याचा धोका जास्त, दुसरीत जांघ दुखण्याचा. तुमची डावी जांघ दुखते, मांडी घातली की कळ येते, म्हणजे मला तरी टीओटीचा संशय येतो, पण संशय म्हणजे निदान नाही, ते कागदावर बघायला लागेल.

खाली आलेलं अंग वर घेण्याची दुरुस्ती हे वेगळं काम. ती बहुतेक वेळा आपल्याच अंगाच्या पेशींना टाके घालून करतात, त्यात बाहेरचं काही नसतं. पण काही ठिकाणी तिथेही मोठी जाळी बसवतात किंवा बसवायचे. आणि जगभर जो गदारोळ झाला तो मुख्यतः या मोठ्या जाळीवरून झाला. औषधं आणि उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २००८ मध्ये पहिली सूचना काढली, २०११ मध्ये सांगितलं की गंभीर त्रास दुर्मिळ म्हणता येत नाहीत, २०१६ मध्ये तिला सगळ्यात जास्त धोक्याच्या वर्गात टाकलं आणि एप्रिल २०१९ मध्ये योनीमार्गातून अंग वर घेण्यासाठीची जाळी विकणं बंद करायला लावलं. ब्रिटनमध्ये २०१८ पासून जाळीचा वापर थांबवला, आणि तिथे तर लघवीच्या पट्टीलाही तो नियम लावला. २०२० मध्ये बॅरोनेस ज्युलिया कम्बरलेज यांच्या समितीने शेकडो बायकांचं ऐकून जो अहवाल दिला त्यात काय लिहिलंय माहितीये? की या बायका वर्षानुवर्षं दुखतंय म्हणत होत्या आणि त्यांना गप्प बसवलं गेलं, कुणाला वयाचं कारण सांगितलं, कुणाला मनाचं. मी ते वाचलं तेव्हा मला आमचा वॉर्ड आठवला. मीही म्हणायचे ना, होईल हो मावशी बरं, नवं नवं आहे, थोडं सोसा. त्यातल्या काहींचं नसेल झालं बरं. आता कुणाला विचारायला जाणार.

पण हे वाचून घाबरू नका. लघवीची पट्टी आणि अंगाची मोठी जाळी यात फरक आहे. पट्टी अजूनही जगात बऱ्याच ठिकाणी वापरली जाते, पुष्कळ बायकांना तिचा चांगला फायदा होतो, पुन्हा बसमध्ये उभं राहता आलं म्हणून रडणाऱ्या बायका मी बघितल्यात. (आणि झोळीची कल्पना आपल्याला काही परकी नाही, गर्भाची पिशवी न काढता अंग वर बांधायच्या ऑपरेशनला शिरोडकर आणि पुरंदरे या आपल्या मुंबईच्या डॉक्टरांची नावं आहेत, ती पाठ्यपुस्तकात शिकवतात.) सांगायचं एवढंच की तुमच्या अंगात नुसते टाके आहेत, का पट्टी आहे, का पट्टी आणि जाळी दोन्ही, हे कळल्याशिवाय तुम्हाला कुणीही नीट सल्ला देऊ शकणार नाही, मीसुद्धा नाही.

तर हॉस्पिटलात जा आणि ओटी नोट्स मागा. नुसतं डिस्चार्ज कार्ड नको, ऑपरेशनची नोंद. शिवाय जाळी किंवा पट्टीच्या पाकिटावर एक स्टिकर असतो, कंपनी, मॉडेल, लॉट नंबर, तो केसपेपरला चिकटवतात, त्याची कॉपी मागा. साधा लेखी अर्ज द्या, दुसऱ्या कागदावर पोच घ्या. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे पेशंटने मागितलं की ७२ तासांत कागद द्यावे लागतात आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ते जपून ठेवावे लागतात. तुम्हाला नऊ महिनेच झालेत, सगळं असणार. भांडायला जातोय असं समजू नका, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचंय एवढं म्हणा, ते खरंही आहे. एकट्या जाऊ नका, मिस्टरांना न्या.

आता एकेक तक्रार घेते.

लघवी अडकणं. पट्टी जरा घट्ट बसली की नळी दाबली जाते. मग धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, पुढे वाकलं किंवा अर्धवट उठलं की थोडी जास्त होते, आणि आत शिल्लक राहते. शिल्लक राहिली की पंधरा मिनिटांत परत जावंसं वाटतं, साचलेल्या लघवीत जंतू वाढतात म्हणून उन्हाळी लागते, आणि लघवीच्या पिशवीला जोर लावायची सवय लागली की ती चिडते आणि घाई सुरू होते. बघा, तुम्ही तीन तक्रारी लिहिल्यात, अडकणं, उन्हाळी आणि घाई, त्या तिन्ही एकाच कारणाने असू शकतात. म्हणून मला सगळ्यात आधी ही तपासायचीये.

तपासणी साधी आहे. लघवी करून झाल्यावर लगेच सोनोग्राफी, आत किती उरली ते बघायचं, आणि युरोफ्लो, म्हणजे मशीनला लावलेल्या फनेलमध्ये नेहमीसारखी लघवी करायची, धारेचा वेग कागदावर येतो. दुखत नाही. फक्त एक सांभाळा, सोनोग्राफी सेंटरवाले पाणी प्या पाणी प्या म्हणून पिशवी इतकी टम्म भरवतात की मग कुणाचीही एका दमात रिकामी होत नाही आणि रिपोर्ट चुकीचा येतो. रोज जेवढी लागल्यावर जाता तेवढीच लागू द्या, टॉयलेटमध्ये घाई करू नका, बाहेर कुणी दार वाजवलं तरी, आणि आल्या आल्या पुन्हा मोजायला सांगा.

माझ्या मोठ्या जावेचं असंच झालं होतं, ऐरोलीला राहतात त्या. एका हॉस्पिटलात पट्टी टाकली आणि तीन वर्षं तिला शुगरमुळे होतं, वयामुळे होतं असं सांगत राहिले. आमच्याच घरातली बाई, आणि मी नर्स असून मलाही उशिरा कळलं कारण ती बोललीच नाही, लग्नकार्यात ताक-पाणी सोडून कोरडी बसायची आणि मला वाटायचं उपास असेल. शेवटी युरोलॉजिस्टकडे, म्हणजे लघवीच्या त्रासाच्या डॉक्टरांकडे नेलं, युरोफ्लो केला, दहा मिनिटांत कळलं. पट्टी मधोमध कापून सैल केली, छोटं ऑपरेशन. त्याच आठवड्यात धार मोकळी झाली. आता जोरात शिंक आली तर दोन थेंब जातात, ती म्हणते चालतील. हे तुम्हालाही आधीच माहीत हवं, पट्टी कापली तर काही बायकांना शिंकेवरचं निसटणं थोडंफार परत येतं, सगळ्यांना नाही. निवड तुमची. पण फार वर्षं अडकत राहिली तर पिशवीवर कायमचा परिणाम होऊ शकतो, म्हणून बघू पुढच्या दिवाळीनंतर असं करू नका.

घाईसाठी गोळ्या असतात, सॉलिफेनासिन वगैरे, आणि केमिस्टकडे कुणीतरी सांगितल्या म्हणून त्या आणून खाल्ल्या असं होतं. नका करू. त्या पिशवीला शांत करतात, आणि आत आधीच लघवी उरत असेल तर अजून उरेल. आधी शिल्लक मोजायची, मग गोळी. त्यांनी तोंड कोरडं पडतं आणि पोट साफ होत नाही, दुसऱ्या प्रकारची, मिराबेग्रॉन म्हणून आहे, तिने ब्लडप्रेशर वाढू शकतं, बीपी असेल तर सांगा. तोपर्यंत तीन दिवस एक वही ठेवा. स्वयंपाकघरातलं नको, वेगळं एक मापाचं भांडं घ्या, किती वाजता गेलात, किती मिली झाली, किती प्यायलात, कधी निसटली. मोठ्या माणसाच्या पिशवीत आरामात तीनशे-चारशे मिली मावते, आणि तुमच्या वहीत दर वेळी साठ-सत्तरच दिसलं तर ते बघून डॉक्टरला खूप काही कळतं. अशी वही घेऊन येणारीला मनाचं आहे म्हणणं कठीण जातं, हा माझा अनुभव.

उन्हाळीबद्दल. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळा, सगळं खुशाल प्या, बरं वाटतं. पण तीनदा कोर्स झाले म्हणता, एकदा तरी लघवीचं कल्चर झालं का? पुढच्या वेळी पहिली गोळी घेण्याआधी कल्चरला लघवी द्या, मधल्या धारेची, धुऊन घेतलेल्या जागेची. कोणता जंतू आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं ते त्यात येतं. वारंवार होत असेल तर सिस्टोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून पिशवीच्या आत बघायला हवं, कारण क्वचित पट्टीचा धागा पिशवीत किंवा नळीत घुसलेला असतो आणि त्यावर खडा धरतो, तसं असेल तर कितीही गोळ्या खा, परत होणार. पाळी गेल्यानंतर तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते, त्यानेही इन्फेक्शन वाढतात, त्याला आतून लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम उपयोगी पडतं. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर ते न विचारता लावू नका. आणि पाणी कमी करू नका ताई, मला माहितीये तुम्ही केलं असणार, बसने जाणारी प्रत्येक बाई करते.

आता मिस्टरांचं. तुम्ही लाजत लिहिलंत पण तुमच्या अख्ख्या पत्रातली ही सगळ्यात कामाची ओळ आहे. नवऱ्याला टोचणं ही जाळी योनीमार्गात उघडी पडल्याची ओळखीची खूण आहे. वरची त्वचा भरली नाही किंवा झिजली की जाळीची कड बाहेर येते, ती मच्छरदाणीच्या कापलेल्या कडेसारखी खरखरीत लागते. अंगावरून पाणी किंवा थोडं लालसर जातं, वास येतो. कधी कधी दोरा नुसता टाक्याचा असतो, तेही बघायला हवं. बाहेरून बघून हे कळत नाही, स्पेक्युलम, म्हणजे आतली जागा उघडून बघायचं साधन, लावून नीट उजेडात आणि बोटाने चाचपून पट्टीच्या पूर्ण रेषेवर बघावं लागतं. टाके छान भरलेत म्हणाले तेव्हा असं बघितलं होतं का ते आठवा. नसेल तर पुढच्या डॉक्टरांना हे वाक्य असंच सांगा, नवऱ्याला आत टोचतं. कितीही जीभ अडखळली तरी. बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या, आमच्याकडे बायका द्यायच्या.

अगदी छोटी जागा उघडी असेल तर क्रीम लावून त्वचा भरू शकते, नाहीतर तेवढा तुकडा कापून वरून शिवतात. पूर्ण पट्टी काढणं हे मात्र मोठं काम, ती मांसात रुतलेली असते, हे रोज करणाऱ्या हातांनीच करायला हवं, आणि काढल्यावर दुखणं शंभर टक्के जाईल अशी खात्री कुणी देत असेल तर दोनदा विचार करा. तपासणी होईपर्यंत संबंध नकोत. पण लांब झोपू नका हो. मिस्टरांना हे पत्र वाचायला द्या. त्यांनी टोचतं म्हटलं ते तक्रार म्हणून नाही, त्यांना जे कळलं ते त्यांनी सांगितलं, आणि कदाचित त्यांनाही वाटत असेल की आपल्यामुळे हिला दुखतं, म्हणून ते लांब असतील. दोघं गप्प राहून इतके महिने गेले.

जांघेचं दुखणं आणि व्यायाम एकत्रच सांगते. खालच्या स्नायूंना आवळायचा व्यायाम डॉ. आर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये मांडला, तो चांगलाच आहे, ज्याचे स्नायू ढिले आहेत त्याला. पण ऑपरेशननंतर दुखण्याच्या भीतीने काही बायकांचे हेच स्नायू कायम आवळलेले राहतात, मूठ घट्ट मिटून ठेवल्यासारखे. अशा मुठीला अजून आवळ म्हटलं तर दुखणारच, आणि लघवी अजून अडणार कारण लघवी व्हायला ते स्नायू सैल सुटावे लागतात. म्हणून म्हटलं बंद करा. त्याऐवजी उताणं झोपून गुडघे वाकवून पोटात सावकाश श्वास घ्या, श्वास आत घेताना खालचा भाग सैल सोडा, दिवसातून दोन-तीनदा पाच मिनिटं. पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे याच खालच्या स्नायूंचं, काम करणाऱ्या फिजिओ ठाण्यात आणि नवी मुंबईत आता आहेत, आधी तपासून स्नायू ढिले आहेत का आवळलेले ते बघतील अशीच शोधा, न तपासता व्यायामाचा कागद हातात देणारी नको. जांघेतली कळ पट्टीने नस किंवा स्नायू ओढला गेल्यामुळेही असते, ती नेमक्या एका ठिकाणी बोट दाबल्यावर उठते का ते डॉक्टरांना दाखवा. मांडी तूर्त बंद. ओट्याशी उभ्याने लाटा, एक पाय छोट्या पाटावर, दर वीस मिनिटांनी बदला, आणि केंद्रातल्या पिठाच्या गोणीला तुम्ही हात लावायचा नाही, ती मुलाने उचलावी. कमोडवर बसतानाही पायाखाली पाट घ्या, कुंथू नका, रात्री इसबगोल घ्या. पोट साफ नसलं की लघवीही नीट होत नाही.

जायचं कुठे. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे एकदा कागद आणि वही घेऊन परत जा, तो त्यांचा हक्क आणि तुमचाही. पण आता दुसरं मत हवंच. यूरोगायनॅकॉलॉजिस्ट, म्हणजे बायकांच्या लघवीचं आणि अंग खाली येण्याचं बघणारे गायनॅक डॉक्टर, किंवा बायकांच्या लघवीचं काम नेहमी करणारे युरोलॉजिस्ट, आणि पहिला प्रश्न हा विचारा की पट्टी सैल करायची किंवा काढायची ऑपरेशनं तुम्ही स्वतः करता का. खासगीत परवडत नसेल तर परळचं केईएम, सायन, मुंबई सेंट्रलचं नायर इथे युरोलॉजी विभाग आहेत. सकाळी लवकर निघायला लागेल, गर्दी असते, दोन-तीन फेऱ्या होतात, पण हात तयार असतात तिथले. लोकलमध्ये टॉयलेट नसतं म्हणून घाबरून पाणी तोडून जाऊ नका, ठाणे स्टेशनला चढण्याआधी एकदा, दादरला किंवा सायनला उतरल्या उतरल्या एकदा, पॅड आणि बदलायचे कपडे पिशवीत. साडीऐवजी त्या दिवशी गडद ड्रेस घाला, वेळ वाचतो.

सूनबाईंनाही सांगा, थोडंफार असायचंच हे खरं नाही. त्यांचीही बाळंतपणं झाली असतील किंवा व्हायची असतील, त्यांनी हे आत्ताच शिकलेलं बरं.

पुढे जाऊन कागदात खरंच काही गडबड दिसली, म्हणजे तुम्हाला न सांगता जाळी टाकली, संमतीपत्रावर तिचा उल्लेखच नाही असं काही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि ठाण्यात जिल्हा ग्राहक आयोग आहे. ते आत्ता ठरवू नका, आधी तब्येत, पण मुदत लक्षात असू द्या. त्याशिवाय देशात २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स नावाचा कार्यक्रम आहे, अंगात बसवलेल्या वस्तूने त्रास झाला तर गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे कळवता येतं, टोल फ्री नंबर १८०० १८० ३०२४. पेशंटही कळवू शकतो. नुकसानभरपाई नाही मिळत त्यातून, पण नोंद होते, आणि आपल्याकडे नोंदीच होत नाहीत म्हणून त्रासच नाही असं समजलं जातं. तो स्टिकरवरचा लॉट नंबर तिथे लागेल.

काही गोष्टींना मात्र अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, सरळ कॅज्युअल्टी. थंडी वाजून ताप आणि कमरेच्या एका बाजूला दुखणं. लागलीये, ओटीपोट फुगलंय आणि पाच-सहा तास थेंबही होत नाही. लघवीतून गाठी पडाव्या इतकं रक्त. आणि रात्रंदिवस, झोपेतसुद्धा, योनीमार्गातून पाण्यासारखी लघवी गळत राहणं, ते घाईचं निसटणं नसतं, दोन जागांमध्ये भोक पडलेलं असू शकतं, ते लगेच दाखवायचं.

या आठवड्यात फक्त तीन गोष्टी करा, हॉस्पिटलात अर्ज, वही, आणि लघवीनंतरची सोनोग्राफी. रिपोर्टमध्ये शिल्लक लघवीचा आकडा असेल, शेवटच्या दोन-तीन ओळींत, मिलीमध्ये. दीडशेच्या वर असला तर पुढच्या महिन्याची तारीख घेऊ नका, त्याच आठवड्यात युरोलॉजिस्टकडे जा. कमी असला तरी दुसरं मत घ्यायचंच आहे, टोचण्याचं आणि जांघेचं राहतंच ना. ओटी नोट्स मिळाल्या की त्यातली पट्टीची ओळ जशी लिहिलीये तशी मला उतरवून पाठवा, अक्षर लागलं नाही तर फोटो काढून पाठवा, मला डॉक्टरांची अक्षरं वाचायची सवय आहे.